खुंटी हलवून बळकट

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी आमच्या गॅलरीत उभा राहून सागवानाला रंधा मारीत होतो. खुसखुशीत हा शब्द चकलीला शोभतो. लाकूड खुसखुशीत झाले की समजावे, आत वाळवी शिरली. तेव्हा वाचकहो, या खेपेला आमच्या सदरातून खुसखुशीत काही मिळणार नाही. चांगले टणक, तीन इंच जाडीचे मिळेल. फराळाची बशी जरा बाजूला सारून बसा.

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. खालच्या वर्गांना वाक्प्रचार शिकवताना 'खुंटी हलवून बळकट करणे' हमखास येतो. 'पक्की वाटणारी गोष्ट पुन्हा एकदा तपासून खात्री करून घेणे' असा अर्थ मी फळ्यावर लिहितो, मुले तो वहीत उतरवतात आणि परीक्षेत तो जसाच्या तसा माझ्याकडे परत येतो. या साऱ्या व्यवहारात खुंटी मात्र कोणीच हलवलेली नसते. मुलांनी नाही आणि त्यांच्या सरांनीही नाही.

अण्णांनी हलवली होती. अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शाळेत ते सुतारकामाचे शिक्षक होते. एके काळी बऱ्याच शाळांतून हा विषय असे. शाळेमागे पत्र्याची शेड, तिच्यात चार लांबलचक बाके, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारे आणि सगळीकडे ताज्या भुशाचा वास. ही बाके बसण्याची नव्हेत. ज्यावर लाकूड ठेवायचे, पकडायचे आणि तासायचे, ती कामाची बाके. लहानपणी मी त्या शेडच्या दारात जाऊन उभा राहिलो की अण्णा मान वर न करता विचारीत, "अभ्यास झाला का?" आणि मी परत फिरे. आपल्या हातातले काम मुलाच्या हाती जाऊ नये, अशी त्यांची इच्छा असावी, असे मी मनाशी धरून बसलो. हा सल पुढे मी एम. ए. झालो, नोकरीला लागलो, केस पांढरे होऊ लागले, तरी गेला नाही.

सात वर्षांपूर्वी अण्णा गेले. आई आमच्याकडे पुण्याला आली आणि तिच्यामागोमाग अण्णांची पत्र्याची पेटी आली. पेटी पलंगाखाली गेली आणि आई गॅलरीतल्या खुर्चीत. दोघींच्याही बाबतीत आम्ही फार चांगले वागलो, असे आम्हांला वाटत होते. पेटीला वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर काढून हत्यारांना हळदकुंकू वाहत होतो. आईला तर कोणतेच काम करू देत नव्हतो. "आता तू आराम कर," हे वाक्य मी आणि सौ. आळीपाळीने म्हणत असू. आई आराम करी. दिवसेंदिवस ती कमी बोलू लागली. वयच झाले, असे आम्ही म्हणालो.

गेल्या खंडेनवमीला आमची नववीतली लेक पूजेचे ताट धरून उभी होती. तिने विचारले, "आजी, यांची नुसती पूजाच करायची का? वापरायची नाहीत?" आई काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. विद्यार्थी अडचणीचा प्रश्न विचारतात तेव्हा 'हा भाग पुढच्या तासाला' असे म्हणून सुटता येते. घरात ती सोय नसते. मी म्हणालो, "वापरू की! आधी कामाचं बाक करू, मग त्यावर सगळं करू."

पहिले बाक मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत केले. खोक्यांचे देवदार आणले, दोन इंची चौरस पाय कापले, लोखंडी कोनपट्ट्या लावल्या, चार-चार इंची खिळे ठोकले. दिसायला बाक असे देखणे झाले की त्याचा फोटो मी नातेवाइकांना पाठवला. सर्वांनी मोबाइलवरून टाळ्या वाजवल्या. मग मी त्यावर फळी ठेवून रंधा मारला. रंध्याबरोबर बाकही पुढे निघाले. मी एक पाऊल टाकले, त्यानेही टाकले. दहा मिनिटांत आम्ही दोघे गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकाला पोहोचलो होतो आणि खालच्या मजल्यावरील गृहस्थ दारात उभे होते.

"फरशीच उतरती आहे," मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो. लेकीने फरशीवर मोबाइल आडवा ठेवून मोजून पाहिले. फरशी खरोखरच उतरती होती. पाणी निघून जावे म्हणून गॅलरीला उतार देतातच. मला हायसे वाटले.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "अंगण वाकडं आहे खरं. पण नाचताही येत नाहीये."

महिन्या-दोन महिन्यांत आई प्रथमच असे ठसक्यात बोलली होती. ती उठली, बाकाजवळ आली आणि तिने एक बोट बाकाच्या कडेला लावून ढकलले. बाक गदगदले. "पाय बघ. पाय जागचे हलत नाहीत, सांधा हलतोय. खिळ्यानं का कुठं सांधा धरतो? दर हिसक्याला भोक मोठं होत जातं."

"तुला काय माहीत?" हा प्रश्न माझ्या तोंडून गेलाच.

"चाळीस वर्षं लाकडाचं दुसरं टोक कोण धरत होतं, असं वाटतं तुला?"

वाचकहो, खरोखरच मला हे कधी सुचले नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णा घरी पडवीत पाट, देव्हारे, पाळणे करीत. करवत चालवणारा माणूस आम्हां सर्वांना दिसे. लाकूड धरणारी बाई कोणाला दिसत नसे.

दुसऱ्या बाकाचे काम त्यानंतर सहा महिन्यांनी, मे महिन्याच्या सुट्टीत सुरू झाले. मधला काळ मी माझ्या खाक्याप्रमाणे पुस्तके वाचण्यात घालवला. त्यात आन्द्रे रूबो नावाच्या फ्रेंच गृहस्थाची ओळख झाली. अठराव्या शतकातला हा माणूस स्वतः सुतार, आणि त्याने आपल्या धंद्यावर चांगला जाडजूड सचित्र ग्रंथ लिहिला. त्याने काढलेल्या बाकाच्या चित्रावरून जगभरची हौशी मंडळी आजही बाके करतात. जाड फळा, जाड पाय, पायांना खालून जोडणाऱ्या भक्कम पट्ट्या, एवढेच त्याचे रहस्य. मी हे मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. ती म्हणाली, "आपल्याकडचा सुतार खाली बसून काम करतो. पायाच्या अंगठ्यात लाकूड धरतो. त्याला बाक कशाला लागतंय? ज्यांना खाली बसवत नाही त्यांचं हे काम." हा टोला रूबोला होता की मला, ते मी विचारले नाही.

लाकूड आणायला आम्ही दोघे, बापलेक, जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. पुण्यातले वाडे पडत आहेत आणि त्यांच्या तुळया, खांब, चौकटी वखारीत येऊन पडतात. शंभर-शंभर वर्षे घराचे ओझे वाहिलेले सागवान ते. नवे लाकूड वाळताना आकसते, पिळवटते. याचे जे काय आकसायचे ते कधीच आकसून झालेले असते. सागाच्या अंगात तेल असल्यामुळे वाळवीही सहसा त्याच्या वाटेला जात नाही. एकच सावधगिरी घ्यावी लागते. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडून बसलेले असतात आणि रंध्याच्या पात्याला ते बरोबर सापडतात. लेकीने घरून लोहचुंबक नेले होते. तुळईवरून ते फिरवून तिने अकरा खिळे शोधून काढले. वखारवाल्याने माझ्याकडे दुर्लक्ष करून पुढचा सगळा व्यवहार तिच्याशीच केला.

आता थोडी मापे सांगतो, कारण पत्रे पाठवणारे वाचक मला ठाऊक आहेत. फळा पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड. आठ-आठ इंची तीन फळ्या कडेला कड जोडून तो केला. पाय साडेतीन इंच चौरस. खालच्या पट्ट्या चार इंच रुंद, पावणेदोन इंच जाड. सगळे मिळून लाकूड चार घनफूट आणि वजन सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या घरात. वजनाला इथे मोल आहे. रंधा पुढे रेटताना आपण बाकालाही रेटत असतो आणि हलके बाक आपल्याबरोबर सहलीला निघते. पंचाहत्तर किलोचे बाक घरीच थांबते.

उंचीवरून घरात वाद झाला. मी म्हणालो, लिहायच्या टेबलाएवढे करू. सौ. म्हणाल्या, "अहो, मग कंबर धरून बसाल." आई म्हणाली, "ओट्याएवढं कर. कणीक कुठं मळतो आपण? हात सरळ सोडल्यावर मनगटाशी जी उंची येते तिथं. खांद्याचं वजन खाली पडलं पाहिजे, नाहीतर नुसते दंड दुखतात. रंध्याचंही तेच." मी भिंतीशी उभा राहिलो. लेकीने मनगटापाशी पेन्सिलीची खूण केली आणि मोजली. बत्तीस इंच. तेव्हा पाय एकोणतीस इंचाचे आणि वर तीन इंचाचा फळा. बारीक कोरीव काम असेल तर उंची थोडी जास्त हवी, पण रंध्यासाठी हीच योग्य. स्वयंपाकघरात आमच्या घराण्याचे एक कामाचे बाक पिढ्यानुपिढ्या उभे होते आणि त्याच्याकडे कामाचे बाक म्हणून मी कधी पाहिलेच नव्हते.

खरी परीक्षा सांध्यांची. पट्टीच्या टोकाला जीभ ठेवायची, तिला कुसू म्हणतात, आणि पायात तिच्या मापाची खाच पाडायची. कुसू पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असावे, असा साधा नियम आहे. आमची पट्टी पावणेदोन इंच, म्हणजे चौदा सूत. तेव्हा कुसू पाच सूत. इंचाचे आठ सूत, हे माप सुतारांच्या तोंडी अजून आहे. लांब आणि आखूड पट्ट्या एकाच उंचीवर लावायच्या नाहीत, नाहीतर दोघींची टोके पायाच्या पोटात एकमेकांना भिडतात. हे मला तिसऱ्या पायाची खाच पाडल्यावर समजले. पहिले कुसू मी असे कापले की ते खाचेत टाळी वाजवल्यासारखे आपोआप गेले. आईने ते काढून परत दिले. "कुसू हातानं निम्मं जावं आणि मोगरीनं पुरतं बसावं. हे तर न बोलावता आत जातंय." ती पट्टी वाया गेली. पुढच्या कुसवाला मी रेघेच्या अलीकडेच करवत थांबवली आणि उरलेले पटाशीने सालपटा-सालपटाने काढले. सात वर्षे पूजा खाल्लेल्या पटाशीला धार लावायलाच आधी दोन संध्याकाळी गेल्या होत्या. धार लावण्याचे काम आईने मागून घेतले. दगडावर पाण्याचा थेंब टाकून ती पटाशी फिरवू लागली, तेव्हा तिच्या मनगटाचा कंप थांबलेला मी पाहिला.

सगळे जुळवून पाहिले तेव्हा चौकट काटकोनात आहे का, हे गुण्या लावून पाहू लागलो. लेक म्हणाली, "बाबा, दोन्ही कर्ण मोज ना. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत. कर्ण सारखे तर आयत." नववीची भूमिती आमच्या गॅलरीत अशी उपयोगी पडली. फरक तीन सुतांचा निघाला. लांब कर्णाच्या दोन टोकांना दोरीने आवळून तो घालवला.

आता मी सरसाचा डबा उघडणार, तोच आई म्हणाली, "थांब. खुंट्या कुठायत?"

आणि मग तिने मला ती गोष्ट सांगितली, जी वीस वर्षे मी फळ्यावर लिहीत होतो. पायाच्या खाचेतून आरपार तीन सुतांचे भोक आधी पाडायचे. मग कुसू आत बसवून, गिरमिटाचे टोक भोकातून घालून त्याच्यावर खूण करायची. कुसू बाहेर काढायचे. "आता त्या खुणेवर भोक पाडू नकोस," आई म्हणाली. "अर्धा सूत खांद्याकडे सरक, जिथून कुसू सुरू होतं तिकडं. आणि तिथं पाड."

"पण मग दोन भोकं जुळणार नाहीत."

"नाहीतच जुळायची. खुंटी वाकडी वाट काढत जाते आणि जाता जाता कुसू आत ओढून घेते. सरस सुटला तरी ती सोडत नाही."

वाळक्या बांबूच्या खुंट्या मी टोकाला निमुळत्या तासल्या. मी ठोकत होतो आणि आई एकेक खुंटी हातात देत होती. तिसऱ्या का चौथ्या खुंटीच्या वेळी, इतक्या दिवसांत कोणाला विचारता न आलेला प्रश्न मी विचारला. "आई, अण्णांनी मला हे कधीच का शिकवलं नाही? दारात उभा राहिलो की अभ्यासाला पिटाळायचे."

आईने पुढची खुंटी लगेच दिली नाही. "पिटाळायचे कुठं? विचारायचे, अभ्यास झाला का. झाला म्हणाला असतास तर आत घेतलं असतं. मी म्हणायचे, अहो, पोराला बोलवा की. तर म्हणायचे, जबरदस्तीनं आलेल्याच्या हातात पटाशी देऊ नये. विचारील तेव्हा सांगीन." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघंही एकाच लाकडाचे."

मी काही बोललो नाही. मोगरी उचलली आणि खुंटी ठोकली. आवाज आधी पोकळ येतो, मग भरीव येऊ लागतो. भरीव आला की थांबायचे, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

सोळा खुंट्या बसल्या. फळा वर चढवायला खालच्या मजल्यावरील गृहस्थांनाच बोलवावे लागले. फळा खालून बोल्टांनी आवळला. पुढच्या बाजूची भोके गोल ठेवली, मागच्या बाजूची लांबट, कारण लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ हलत नाही. चारी बाजूंनी जखडले तर त्याला तडकण्यावाचून गत्यंतर नसते. मे महिन्यात बसवलेला हा फळा आषाढात सूतभर वाढला, लांबट भोकातून त्याला सरकायला जागा होती, आणि काहीही बिघडले नाही. डाव्या हाताच्या पायाशी शेगडा, म्हणजे बाजारात ज्याला व्हाइस म्हणतात तो, बसवला. उतरत्या फरशीसाठी मागच्या दोन पायांखाली सागाच्या पाचरी दिल्या. अंगणाचाही प्रश्न मिटला.

मग आई पुढे झाली. तिने दोन्ही हात बाकाच्या कडेला लावले आणि अंगातले असेल नसेल ते बळ एकवटून बाक हलवले. लांबीकडून हलवले, रुंदीकडून हलवले. बाक हलले नाही. तिचे पाऊल मात्र मागे सरकले. "झालं," ती म्हणाली आणि पदराने फळ्यावरचा भुसा पुसू लागली.

त्या बाकावर आजवर काय काय झाले, त्याची यादी फारशी भव्य नाही. एक पाट, चपलांची एक मांडणी आणि खालच्या गृहस्थांच्या आरामखुर्चीचा मोडलेला हात. आवाजाची तक्रार करायला आलेले हे गृहस्थ आता रविवारी सकाळी स्वतःचा चहा घेऊन येतात. सध्या लेक त्यावर आकाशकंदिलासाठी बांबूच्या कामट्या तासते आहे. आजी शेजारच्या स्टुलावर बसून कामटीचे दुसरे टोक धरते आणि नातीला सतत काहीतरी सांगत असते. आराम करण्याविषयी तिला आता कोणी सुचवत नाही. सुचवले तर तिला ऐकायला सवड नसते.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झाले तेव्हा मी वर्गात बांबूच्या दोन खुंट्या आणि एक सांधा घेऊन गेलो. खुंटी बसवली, मुलांकडून हलवून घेतली आणि मग फळ्यावर अर्थ लिहिला. अर्थ तोच होता. फक्त या वेळी एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, हे तुम्हांला कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "वडिलांनी." मग थोडे थांबून, खरे ते सांगितले.

वाचकहो, तुमच्याही घरी पलंगाखाली एखादी पेटी असेल आणि गॅलरीत एखादी खुर्ची असेल. फराळ झाला की त्या खुर्चीपाशी जा आणि काहीतरी विचारा. बाकाची मापे वर दिलीच आहेत.